कोंबडीचे दाणापाणी

दूधविनायक ही काशीतील जुनी वस्ती. पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा या घाटांच्या वरच्या अंगाला ज्या अरुंद गल्ल्या आहेत, त्यांत आमच्यासारखी मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. वस्तीचे नाव गणपतीचे आणि तेही दुधाशी जोडलेले. तेव्हा येथील घरांतून कोंबडी आणि अंडे हे शब्द फारसे उच्चारले जात नाहीत, यात नवल नाही. अशा घराच्या माडीवर बसून देशी कोंबड्यांच्या खाद्याविषयीच्या एका पुस्तिकेचा मराठी अनुवाद करण्याचे काम माझ्याकडे आले. अनुवादकाला विषय निवडता येत नाही; परंतु एखादा विषय अनुवादकालाच धरून बसतो, तसे या वेळी झाले.

पहिली अडचण शब्दांची होती. इंग्रजी मजकुरात कोंबड्यांच्या चरण्याच्या जागेसाठी जो शब्द होता, त्याचा कोशातला अर्थ ‘कुरण’. पण कुरण म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गाई-म्हशी उभ्या राहतात. माझे मराठी आईकडून आणि पुस्तकांतून आलेले. परसातल्या शब्दांचा त्यात दुष्काळच. म्हणून रत्नागिरी जिल्ह्यात दिलेल्या आतेबहिणीला दूरध्वनी केला. ती म्हणाली, “अगं, गाय चरते, कोंबडी उकरते आणि टिपते. आम्ही तिला चरायला सोडतो असं म्हणतो खरं, पण ती गवत खायला जात नाही.” तिच्याकडून मला तलंग, खुडूक, रवण, डालगे असे शब्द मिळाले. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, आणि रवणाला बसवणे म्हणजे अंड्यांवर उबवायला बसवणे. बहिणीने सहज सांगितलेला चरण्या-टिपण्यातला हा भेद साधा वाटला, तरी विषयाचे मर्म त्यातच आहे, हे मला पुढे काकीच्या अंगणात उमगले.

काकी म्हणजे आठवड्यातून दोनदा आमच्याकडे भाजी घेऊन येणारी बाई. तिचे खेडे वाराणसीजवळच्या चिरईगाव भागात आहे. भोजपुरीत चिरई म्हणजे पाखरू. त्या नावाची मला नेहमीच गंमत वाटते. काकीजवळ बारा देशी कोंबड्या आणि एक उंच मानेचा, असील रक्ताचा कोंबडा. शेत मुलांच्या नावावर, म्हशीचे दूध मुलाच्या हिशेबात. कोंबड्यांचा पैसा मात्र तिचा एकटीचा. त्या पैशातून ती नातीच्या शाळेचा खर्च करते. नात यंदा दहावीला होती. बोर्डाच्या परीक्षेची फी आणि शिकवणीचे पैसे अंड्यांतून निघावेत असा तिचा बेत होता, आणि नेमकी त्याच पावसाळ्यानंतर अंडी कमी होऊ लागली.

कारण तिच्या घरामागेच होते. तेथे पूर्वी पेरूची बाग होती. बागेचे मालक कोंबड्यांना हटकत नसत. ती जमीन विकली गेली, तिचे तुकडे पडले, भोवती विटांची भिंत आली. कोंबड्या अंगणात आणि एका अंधाऱ्या कोठीत अडकल्या. काकी त्यांना तांदळाची कणी घालू लागली. पूर्वीपेक्षा जास्तच घालीत होती. “पोट भरून घालते, बिटिया, तरी अंडे देत नाहीत,” असे ती म्हणे. पुढे तिने रवणाला बसवलेल्या कोंबडीची नऊ पिल्ले निघाली. त्यांतली चार तिसऱ्या आठवड्यात पायाची बोटे आत वळवून, ढोपरांवर टेकून चालू लागली.

देशी कोंबडी काही न घालता वाढते, असे आपण सर्रास म्हणतो. माझ्यापुढील पुस्तिकेतही तसे एक वाक्य होते. परंतु ती फुकट कधीच वाढत नव्हती. तिचा खर्च बाग देत होती. बागेत पडके पेरू होते, गवताचे बी होते, पालापाचोळ्याखाली किडे, गांडुळे, वाळवी होती, चाकवत आणि माठाची रोपे होती, गोगलगाईंचे शिंपले होते, बारीक खडे होते, आणि ऊनही होते. कोंबडी दिवसभर हिंडून या साऱ्यातून आपले ताट स्वतः वाढून घेत असे. भिंत आली तेव्हा ताटातला भात तेवढा राहिला. सकस खाद्याचा सारा प्रश्न एवढाच, की बाग जे देत होती ते आता अंगणात कसे आणावयाचे.

येथे कुरणाचा भ्रम दूर करणे अवश्य आहे. गाईच्या पोटात गवताचा चोथा आंबवून पचविणारे जिवाणू असतात. कोंबडीला तशी सोय नाही. चोथा तिला फारसा पचत नाही. नुसत्या हिरव्या पाल्यावर ती जगणार नाही. तिच्या सुक्या आहारात पाल्याचा वाटा दहावा हिस्सा असला तरी पुष्कळ झाला. ताकद धान्यातून आणि मांस-अंड्याचे द्रव्य डाळी, पेंड, किडे यांतूनच मिळते. मग पाल्याचे एवढे महत्त्व कशासाठी? ते जीवनसत्त्वांसाठी, आणि गमतीची गोष्ट अशी की, जीवनसत्त्वांविषयीचे मानवाचे ज्ञान कोंबडीच्या ताटातूनच बरेचसे आले आहे.

जावा बेटावर, आज ज्याला जकार्ता म्हणतात त्या बटाव्हियाच्या लष्करी रुग्णालयात, १८९० च्या सुमारास क्रिस्तियान आइकमान नावाचा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचे मूळ शोधीत होता. प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले, आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीअंती कळले की, मधल्या काळात त्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला सडलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात मिळत होता. नवा आचारी आला, त्याने लष्करी तांदूळ कोंबड्यांना देण्याचे नाकारले, आणि साध्या तांदळावर त्या पुन्हा उभ्या राहिल्या. तांदळाच्या वरच्या तांबूस पापुद्र्यात काहीतरी जीवनावश्यक आहे, हे त्यावरून पुढे सिद्ध झाले. त्याबद्दल आइकमानला १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याच सुमारास कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम कोंबडीच्या पिल्लांना स्निग्धांश काढलेले खाद्य देत होता; पिल्लांच्या अंगात रक्तस्राव होऊ लागला. त्यातून रक्त गोठविणाऱ्या ‘के’ जीवनसत्त्वाचा शोध लागला. ते १९३९ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे काढले गेले, ते लसूणघासातून. शस्त्रक्रियेच्या वेळी आणि नवजात बालकांना जे ‘के’ जीवनसत्त्व टोचतात, त्याची कथा अशी कोंबडीच्या पाल्यापाशी पोहोचते.

काकीची कणी म्हणजे सडलेला तांदूळच. पिल्ले तिने टोपलीत घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेली. मीही बरोबर गेले, कारण तेथले सांगणे तिला पुन्हा समजावून द्यावे लागेल असे तिला वाटत होते. तेथील डॉक्टरांनी बोटे पाहून सांगितले की हा ब-२ जीवनसत्त्वाचा, म्हणजे रायबोफ्लेविनचा अभाव दिसतो. पाण्यातून देण्याचे औषध त्यांनी दिले, आणि पुढे ही वेळ येऊ नये म्हणून कोवळा हिरवा पाला, सकाळचे ऊन आणि ताक, असे तीन उपाय सांगितले. ऊन हाडांसाठी: उन्हाने कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते, आणि त्यावाचून चुना अंगी लागत नाही. ताक बोटांच्या रोगासाठी: दुधातील रायबोफ्लेविन लोणी काढल्यावरही ताकात राहते. मात्र ताक उन्हात उघडे ठेवू नये, कारण प्रकाशाने ते जीवनसत्त्व नष्ट होते.

काकीची म्हैस मुलाच्या हिशेबात, हे मी वर सांगितलेच आहे. दूध सारे सोसायटीला जाई, ताक घरात नव्हते. आमच्या घरी आई आठवड्यातून दोनदा साय घुसळते आणि तूप कढवते. उरलेले ताक आम्हा तिघांना संपत नाही. मी आईला गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भाजी घेताना तिने काकीला ताकाची बरणी दिली आणि म्हणाली, “पोरीच्या परीक्षेसाठी आहे हो हे.” कोंबडीचे नाव तिने तेव्हाही घेतले नाही आणि अद्यापही घेतलेले नाही, बरणी मात्र नियमाने जाते. कोंडा ताकात जेमतेम ओलसर होईल एवढा भिजवावा आणि दुपारपर्यंत उरलेला फेकून द्यावा, एवढे पथ्य डॉक्टरांनी घातले होते, कारण ओले खाद्य आंबते आणि त्यावर बुरशी चढते. वाकड्या बोटांच्या चार पिल्लांपैकी दोन आठवडाभरात नीट चालू लागली. एक लंगडे राहिले. एक गेले, रोग फार दिवस अंगात राहिला की औषधाचा उपयोग होत नाही.

पाल्याचे काम त्याहून सोपे निघाले. उत्तर भारतात हिवाळ्याचा खरा मित्र बरसीम. ही वनस्पती मूळची इजिप्तकडची. लसूणघासाच्या कुळातली, तीन पानी, रसाळ. ऑक्टोबरात पेरली की पन्नास-पंचावन्न दिवसांनी पहिली कापणी येते, आणि पुढे दर महिन्याला, एप्रिलपर्यंत. काकीने हातपंपाशेजारी खाटेएवढी क्यारी केली. कापताना चार बोटे बुंधा ठेवावा आणि पाला बारीक चिरून घालावा, कारण लांब चिवट काड्या कोंबडीच्या गळ्याच्या पिशवीत अडकून गोळा होतो. महाराष्ट्रात याच जागी लसूणघास चालेल. तो तर बाराही महिने कापता येतो. शेवग्याच्या पानांची गोष्ट आणखी चांगली: सावलीत वाळवलेल्या पानांत सुमारे चौथा हिस्सा प्रथिन असते, आणि झाड एकदा लागले की विचारावे लागत नाही. चाकवत, माठ, घोळ या भाज्या कोंबड्या आवडीने टिपतात. पण चाकवत व घोळ यांतील आम्ल चुना बांधून ठेवते, म्हणून अंड्यावरच्या कोंबडीला रोज त्याच घालू नयेत. सुबाभळीचा पाला सर्वत्र मिळतो, पण त्यात मायमोसिन नावाचे विष असते; शेळी जे पचवते ते कोंबडी पचवीत नाही. तो न घालणेच बरे.

आणि हरळी. अंगणात, बांधावर, कोठेही पसरणाऱ्या या गवताचे कोवळे शेंडे कोंबड्यांना फार प्रिय. हरळी म्हणजेच दूर्वा. आमच्या गल्लीत मंगळवारी आणि चतुर्थीला जुड्या बांधून विकतात ती हीच. मी हे आईला सांगितले नाही.

अझोलाविषयी पुस्तिकेत चार पाने होती, आणि मला ती जरा जास्त वाटली. पाण्यावर तरंगणारे हे नेचे हवेतील नत्र धरून ठेवते आणि त्याच्या सुक्या भागात वीस ते पंचवीस टक्के प्रथिन असते, हे खरे. परंतु ओल्या अझोलात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. किलोभर अझोला घातला तर त्यात सुके द्रव्य जेमतेम पन्नास-सत्तर ग्रॅम. पूरक म्हणून उत्तम, पेंडीच्या जागी नव्हे. काकीने प्लॅस्टिकचा कागद अंथरून, चाळलेली माती, शेणाचा काला आणि वीतभर पाणी घालून खड्डा केला. कोंबड्यांनी तीन दिवस त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. स्वच्छ धुऊन, शेणाचा वास घालवून, भरड्यात कालवल्यावर मात्र खाऊ लागल्या. वाराणसीच्या मे महिन्यात सावली नसेल तर अझोला करपतो, हेही खरे.

किड्यांची उणीव भरून काढण्याची युक्ती काकीला कोणी शिकवावी लागली नाही. मडक्यात ओला पेंढा आणि शेण भरून ते वाळवीच्या जागी संध्याकाळी पालथे घालावयाचे. सकाळी आत वाळवी लागलेली असते. मडके अंगणात झाडले की पिल्लांचा उत्सव. लहान पिल्लांना याहून चांगले अन्न नाही. तळ्यातले शिंपले आणि गोगलगाई ती उकडून, कुटून घालते. उकडणे अवश्य, कारण कच्च्यांतून जंत येतात. कोकणातल्या वाचकांना सुकटीचा कुटा आहेच.

चुन्याचा हिशेब मात्र सर्वांनी ध्यानात ठेवावा. अंड्याचे कवच म्हणजे जवळजवळ निव्वळ चुनखडी. मोठ्या अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जाते, आणि ते कवच बहुतेक रात्रीत, सुमारे वीस तासांत तयार होते. खाद्यातून पुरले नाही तर कोंबडी आपल्या हाडांतून काढून देते. मग अंडी पातळ कवचाची होतात आणि शेवटी थांबतात. शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या परळात ठेवावा. ज्या कोंबडीला हवा ती आपण होऊन खाते. पिल्लांपुढे तो ठेवू नये. वाढत्या पिल्लांना जादा चुना मूत्रपिंडांना बाधतो. त्यांना बारीक वाळूचे खडे पुरेत, म्हणजे पोटात धान्य दळले जाते.

घरचा भरडा करावयाचा तर मोठ्या कोंबड्यांसाठी एक प्रमाण असे: मका, बाजरी किंवा गहू यांचा भरडा ५ किलो, तांदळाचा ताजा कोंडा २ किलो, शेंगदाणा किंवा सोयाबीनची पेंड २ किलो, सुकटीचा कुटा अर्धा किलो, शिंपल्यांचा चुरा अर्धा किलो आणि मीठ ३० ग्रॅम. पूर्ण कोंडलेल्या कोंबडीला दिवसाला सुमारे १०० ग्रॅम लागते. थोडीफार हिंडणाऱ्या देशी कोंबडीला त्याचा निम्मा भाग पुरतो. कोंडा महिनोन्‌महिने साठवू नये, त्यातले तेल लवकर खवट होते. पेंडीची बुरशी तर त्याहून घातक. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी मेले. शोधाअंती दोष शेंगदाण्याच्या पेंडीत निघाला आणि अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची जगाला ओळख झाली. काळपट, गाठी झालेली पेंड उन्हात वाळवून घालण्याचा मोह होतो. वाळवून विष जात नाही.

बाजारात खाद्यात मिसळण्याच्या रंगीत पुड्या मिळतात. जीवनसत्त्वांच्या असतील तर प्रश्न नाही. वाढीसाठी म्हणून प्रतिजैविक औषधे घालणे मात्र निराळी गोष्ट आहे. कोलिस्टिन हे माणसांच्या शेवटच्या उपचारांपैकी एक औषध. ते जनावरांना देण्यावर भारत सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच कारणाने. आणि कोणतेही खाद्य रानीखेत रोगाच्या लसीची जागा घेत नाही. कुमाऊंतल्या गावाचे नाव लागलेला हा रोग एका आठवड्यात खुराडे रिकामे करतो.

काकीने एकदा मला झेंडूविषयी विचारले. घाटांवर आणि देवळांतून झेंडूच्या माळांचे ढीग पडतात. ते कोंबड्यांना घालावेत काय? प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. बलक पिवळाधमक दिसावा म्हणून झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क जगभर कोंबडीखाद्यात मिसळतात, आणि त्यासाठी दक्षिण भारतात झेंडूची शेती होते. पण माळांत दोरे असतात, फुलांवर कीटकनाशके असतात. शिवाय रंग म्हणजे पोषण नव्हे. बरसीम खाणाऱ्या कोंबडीचा बलक आपोआप पिवळा होतो.

तिला अनेकांनी सांगितले, या देशी कोंबड्या विकून टाक, वर्षाला तीनशे अंडी देणारी जात घे. देशी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी देते, हा हिशेब खरा आहे. पण तीनशेवाली खुडूक होत नाही. पिल्ले दर वेळी विकत आणावी लागतात, खाद्य रोज पुरे लागते, आणि मुंगूस आले तर ती नुसती ओरडते. मधला मार्गही आहे: बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असीलच्या संकरातून ‘निर्भीक’ आणि कडकनाथच्या संकरातून ‘श्यामा’ अशा परसातल्या जाती तयार केल्या आहेत. काकीने ऐकून घेतले. “माझी कोंबडी मला आई करून देते,” एवढेच तिचे उत्तर. हे वाक्य मला अजून नीट मराठीत आणता आलेले नाही.

अंडी फेब्रुवारीत वाढली. त्याचे सारे श्रेय बरसीमला देता येणार नाही, कारण दिवसही मोठा होत होता आणि कोंबडी उजेडाच्या हिशेबाने अंड्यावर येते. फी मात्र त्याआधी, थंडीतच भरावयाची होती. ती काकीने दोन तलंगा विकून भरली. परीक्षा झाली. बरसीम आता संपली आहे. तिच्या जागी चवळी पेरली. पहिली पाने येताच शेजाऱ्याची बकरी क्यारीत शिरली, आणि बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालण्यात काकीचे दोन दिवस गेले. त्यामुळे या आठवड्यात आमच्याकडे भाजी आलेली नाही, आणि ताकाची बरणी भरलेली तशीच आहे.